गाडीतून उतरल्यावर

लोकांना नावं ठेवण्यात भानुदासचा हात धरणारा सत्त्याऐंशी साली अमेरिकेतल्या अख्ख्या ईडन प्रेरी गावात कुणी नव्हता. ऑफिसहून येताना श्रीरंग आणि त्याची बायको नंदा यांच्या गाडीतून आधी विक्रम उतरायचा. दार लागतंय न लागतंय तोच भानुदास म्हणायचा, "काय चिकट माणूस आहे यार!" मग अमित उतरायचा आणि चक्रम ठरायचा. नवरा-बायको नुसते हसायचे.

तिसरा उतरायचा भानुदास. गाडीचे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत तो बर्फात उभा राहायचा. आता हे दोघं आपल्याला काय म्हणत असतील? आगाऊ? भोचक?

एका शुक्रवारी न राहवून त्यानं डब्याच्या पिशवीत कॅसेट रेकॉर्डर चालू करून ठेवला आणि पिशवी मुद्दाम गाडीत विसरला. सोमवारी ती परत मिळाली, तेव्हा बायकोला शेजारी बसवून त्यानं अख्खी टेप ऐकली. हीटरची घरघर. मग नंदा म्हणाली, "दूध संपलंय." श्रीरंग म्हणाला, "घेऊ या." पुन्हा घरघर. भानुदासचं नावसुद्धा नाही.

त्यानं खटकन टेप बंद केली.

"बघितलंस, सरला? पक्के आतल्या गाठीचे आहेत दोघं!"