निघणारा रंग
आपला रंग पाण्याने निघणार नाही, अशी आयुष्यभर गिऱ्हाइकांना छातीठोक हमी देणारा रंगारी आज दुकानात पाण्याने निघणारा रंग मागत होता. दुकानदाराला हसू आवरेना. “अहो, तुम्हीच असा रंग मागायला लागलात तर झालंच!” “लेकीसाठी हवाय,” रंगारी ओशाळून म्हणाला. “हातातलं सगळं तोंडात घालते.” त्याने बाटली हुंगली, थेंबभर रंग चोळून बोट दारातल्या नळाखाली धरलं. ते स्वच्छ झालं तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. घरी लेकीने कागद सोडून बापाचेच हात रंगवले आणि नळाखाली घासायला घेतले. तिचा निळा रंग वाहून गेला. नखांतला, भेगांतला जुना ऑइलपेंट काही हलेना. ती घासतच राहिली. शेवटी दमून तिने आपली बाटली त्याच्या कामाच्या पिशवीत ठेवली. “बाबा, तुझा रंग वाईट आहे. उद्यापासून माझा ने.”