जांभळीवरचं घर

सुनेनं पुण्याच्या माणसांना आमचं रान दाखवायचं काम धरलं, तेव्हा मी ठणकावलं, "एकदा मागनं चालून बघते. सोंग वाटलं, तर उद्यापासून घरात बसायचं."

निघालो. आठ माणसं, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. दर चार पावलांना थांबत होती. "एवढ्या वेळात मी दोन मोळ्या घरी टाकल्या असत्या," मी म्हटलं. माणसं हसली. सुनेचा चेहरा तेवढा उतरला.

पुढं जांभळीखाली ती थांबली. "आत्याबाई, वर बघा."

"मला काय दाखवतेस? या वाटेचा दगडन् दगड मला ठाऊक आहे."

"दगड ठाऊक आहेत. वरचं?"

बघितलं. उंच फांदीत डहाळ्यांचं डालगं अडकवल्यासारखं काहीतरी होतं. त्यातनं शेकरू निघालं आणि झुपकेदार शेपूट उडवत पलीकडच्या झाडावर गेलं. शेकरं मी ढीगभर पाहिलेली. त्याचं घर मात्र आज पहिल्यांदा.

"असली सहा-सात बांधतं एकटं," सून म्हणाली.

"सहा-सात? कशाला एवढी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं, "आजी, तुम्ही रोज इथून जायचात ना?"

"चाळीस वर्षं. पण डोक्यावर मोळी असल्यावर मान वर होते का, बाई?" बोलले, आणि मान वर करून पुन्हा ते घर बघितलं.

सून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"बघतेस काय? उद्यापासून सकाळची चूल माझ्याकडं. आता चल, त्या हिरड्यावर कोण राहतं ते सांग."