फाटकावरची रेषा

खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन श्यामसुंदररावांना बारा वर्षे झाली होती. स्मृती हरवत चाललेले ते गृहस्थ एका दुपारी रिकामा डबा घेऊन ‘ड्यूटीला’ निघाले, आणि नऊ दिवस झाले तरी त्यांचा पत्ता लागला नव्हता. फाटकावर कॅमेरा असूनही त्या दुपारी कुणाच्याच मोबाइलवर अलर्ट वाजला नाही, म्हणून त्यांचा मुलगा अक्षत याने कॅमेरा बसवणाऱ्या सुशांतला बोलावून घेतले.

सुशांतने मोबाइलमधले सेटिंग उघडले. पडद्यावर फाटकाशी एक पिवळी रेषा आखलेली होती आणि तिच्यावरचा बाण घराकडे वळलेला होता.

“कॅमेरा ठीक आहे, भैया. कोणी बाहेरून आत आलं तरच हा वाजते. चोरांसाठी म्हणून तुम्हीच असं लावायला सांगितलं होतं.”

अक्षतला आपले तेव्हाचे शब्द आठवले. ‘बाहेर जाणारी तर आपलीच माणसं. त्यांच्यासाठी काहून वाजवायचं?’ असे तो हसत म्हणाला होता.

“उलटा फिरव तो बाण,” तो कसाबसा म्हणाला. “आत्ताच फिरव.”

सुशांतने बोट पडद्याकडे नेले, तोच इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या अक्षतच्या आईने, विनताबाईंनी, पुढे येऊन त्याचा हात धरला.



“राहू दे, बेटा. ते आत येतील तेव्हा वाजायला पाहिजे. आवाज तेवढा वाढवून दे.”