विमलाबाईंची खुर्ची

“रत्नदीपचं नाव यंदा अमर नेईन,” असं म्हणून वर्षालीनं यादीवर रेघ मारली आणि नावाचं चौकोनी कापड अमरकडे सरकवलं.

टेबलासमोर उभ्या असलेल्या जंगलूनं पुढे केलेला हात मागे घेतला.

आष्टीतल्या माजी सैनिकांनी ही मॅरेथॉन सुरू केली, तेव्हाच एक रीत घालून दिली होती. प्रत्येक धावपटूनं एका शहीद जवानाचं नाव छातीला लावायचं, बेचाळीस किलोमीटर पळायचं आणि परत आल्यावर ते कापड त्या जवानाच्या घरच्यांच्या हातात द्यायचं. घरचे लोक मांडवात, जवानाचं नाव लिहिलेल्या खुर्चीवर बसून असत. कापड हातात पडलं की धावपटूच्या तोंडात गुळाचा खडा घालत आणि मग घरी जात. वर्षालीचे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे यादीचं काम तिच्याकडे आणि शिस्तही घरचीच.

रत्नदीपचं नाव गेली चार वर्षं जंगलूच लावायचा आणि चारही वर्षं तो सगळ्यांत शेवटी आला होता. शेवटी म्हणजे किती? बक्षिसं वाटून व्हायची, पाहुणे जेवून जायचे, मांडववाले खुर्च्या एकीत एक घालू लागायचे. रत्नदीपची आई, विमलाबाई, तेवढ्या एकट्या रस्त्याकडे बघत बसलेल्या असायच्या. गेल्या वर्षी तर डोक्यावरचा मांडवसुद्धा उतरवून झाला होता. वर्षालीला ते बघवलं नव्हतं.

बरं, जंगलूला पळता येत नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. तो वनमजूर, दिवसभर जंगलात पायपीट करणारा गडी. रत्नदीप आणि तो भरतीची तयारी एकत्रच करायचे, तेव्हा जंगलूच पुढे असायचा म्हणे. छातीच्या मापात तो कमी भरला आणि रत्नदीप फौजेत गेला. मग हा माणूस रस्त्यात साडेसहा तास करतो तरी काय?

हे कोडं वर्षालीला स्वस्थ बसू देईना. गेल्या वर्षी तिनं एका स्वयंसेवकाला मोटारसायकलवर त्याच्या मागे धाडलं होतं. तो परत येऊन म्हणाला, “मस्त पळते जी तो. पण गावाच्या अलीकडं पूल हाये ना, तिथं तीन घंटे बसून राह्यला. बिडी नाई, काई नाई. नुसता घड्याळ पाहे.”

झालं! वर्षालीचं डोकंच फिरलं. इकडे म्हातारी ताटकळते आणि हा पुलावर हवा खातो!

विमलाबाईंची मात्र कधी तक्रार नसायची. लांबून कुणी येताना दिसलं की त्या पदर सावरून उठायच्या. दुसराच कुणी निघाला की परत बसायच्या. वर्षालीनं विचारलं तर म्हणायच्या, “येईन बाई तो. घाई कायची?” येताना डब्यात भाकर आणि वांग्याचं भरीत आणायच्या. तेही तसंच गार होऊन जायचं.

“ताई,” जंगलू आता हळूच म्हणाला, “एकडाव काकूले इचारून पाहा.”

“काकूसाठीच करून राह्यली मी. त्या तिथं बसून राह्यतात अन् तू पुलावर बसतं. लाज नाई वाटत तुले?”

जंगलूनं अमरच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं. “म्या शब्द देल्ला हाये काकूले,” एवढंच तो म्हणाला.

“मंग वेळेवर याचं होतं.”

वर्षालीनं त्याला दुसऱ्या एका जवानाचं कापड दिलं. त्या जवानाच्या घरचं कुणीच येत नसे. जंगलूनं ते निमूटपणे छातीला लावलं. सहाच्या ठोक्याला बिगुल वाजला आणि सगळे पळत सुटले.

साडेआठच्या एसटीनं विमलाबाई आल्या. नमस्कार-चमत्कार झाले. डबा मांडीवर घेऊन त्या आपल्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या आणि त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं. वर्षालीनं मुद्दामच त्यांना काही सांगितलं नाही. अमर गेल्या वर्षीचा पहिला नंबर. आनंद आयताच समोर चालत येणार होता.

नऊ वाजून सात मिनिटांनी वळणावर गलका झाला. पुढे अमर होता. त्याच्या मागे वीस पावलांवर कोण, तर जंगलू! अंगातलं बनियन भिजून चिंब, डोळे लाल, आणि जिवाच्या आकांतानं तो ओरडत होता, “अमर, थांब! थांब ना लेका!”

लोकांना चेव आला. “पाहा, पुढच्याले थांब म्हणून राह्यला!” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. अमर कसला थांबतो? फीत तुटली. बिगुल वाजला.

वर्षालीला काय करू आणि काय नको असं झालं. तिनं अमरला हाताला धरून थेट मांडवात नेलं. “काकू, आपला रत्नदीप पहिला आला!”

विमलाबाईंनी कापडावरचं नाव पाहिलं. मग कमानीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“आला?” त्या म्हणाल्या. “एवढ्यातच?”

मग त्या सावरल्या. अमरच्या तोंडात त्यांनी गूळ घातला, त्याच्या गालावरून हात फिरवला. तोवर जंगलू धापा टाकत तिथे पोचला होता. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकला. “माफ करजो काकू. नाई अडवू शकलो त्याले.”

“राहू दे रे.” विमलाबाईंनी कापडाची घडी करून पिशवीत ठेवली, त्यावर डबा ठेवला. डबा अजून गरम होता. त्या उठून उभ्या राहिल्या.

“काकू, माहं काई चुकलं काय?” वर्षालीनं घाबरत विचारलं.

“तुले काय ठाऊक बाई,” विमलाबाई म्हणाल्या. “जंगलूले उशिरा येजो म्हणून मीच सांगत होती. पोराची वाट पाहाले मले वर्षातून हाच एक दिवस भेटे.”