खास वाटी

वनखात्याच्या बाईंनी पाकीट फोडलं तेव्हा सासऱ्यांनी जावयाचं मनगट धरलं होतं. धरलं कसलं, आवळलं होतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात आत एवढे तिघेच होते. बाहेर, दाराच्या चौकटीला टेकून जावयाची बायको उभी होती, सासऱ्यांची एकुलती एक मुलगी.

"तुमच्या त्या सांधेदुखीच्या सूपचा अहवाल आलाय," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांची पाचावर धारण बसली. बसणारच. मागच्या दाराने येणाऱ्या खास गिऱ्हाइकांना ते वर्षानुवर्षं कासवाचं सूप विकत होते, औषध म्हणून. कासव मारणं गुन्हा, विकणंही गुन्हा. शिजवून, गाळून, वर मसाला घालून पुरावा लपवावा, तर आता तीही सोय राहिली नव्हती. नमुना नेताना बाईंनीच सांगितलं होतं, की कितीही उकळलं तरी रश्श्यात डीएनए उरतो आणि तो कुठल्या जनावराचा हे प्रयोगशाळेत कळतं. तेव्हापासून सासऱ्यांना अन्न गोड लागत नव्हतं. त्यांनी जावयाला बाजूला घेऊन बजावून ठेवलं होतं, "काही निघालंच, तर कासव तुम्ही आणलंत म्हणून सांगा. या वयात मला तुरुंग झेपायचा नाही." जावई लगेच "बरं, मामा" म्हणाला होता. त्याचा तो मोठेपणा बघून बायको खूप रडली होती.

त्यात मोठेपणा कसला! अहवालात काय असणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. सूपमध्ये कासव नव्हतं. कधीच नव्हतं.

लग्नानंतर तो इथे घरजावई म्हणून राहायला आला आणि लगेचच सासऱ्यांनी एक पोतं त्याच्यापुढे टाकलं. आतल्या कासवाने मान बाहेर काढली, सुऱ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा आत घेतली. त्याला निदान आत जायला जागा होती. जावयाचा हात काही उचलला गेला नाही. बाजारात जाताना त्याने ते कासव तळ्यात सोडलं आणि कोंबडीचे पाय न् कातडी घट्ट होईस्तोवर उकळली. गिऱ्हाइकं मिटक्या मारत प्यायली. मग प्रत्येक पोत्याचं तेच झालं. सासरे स्वतः रोज एक वाटी घ्यायचे आणि गुडघे कसे मोकळे झाले ते ज्याला त्याला चालून दाखवायचे.

छप्पर सासऱ्यांचं, चूल सासऱ्यांची. कुठे निघालात, कधी येणार, केस एवढे बारीक का कापलेत, सगळ्याचा जबाब द्यायचा. सकाळचा चहा किती गोड प्यायचा तेही सासरेच ठरवणार. त्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. दुसऱ्या गावात एका इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये त्याला नोकरी मिळत होती, वर राहायला खोलीसुद्धा. बायकोने सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "बाबांना मी आपणहून सोडून येणार नाही. त्यांनी तुम्हाला हाकललं, तर मात्र येईन. मागे वळूनही बघायची नाही."

तेव्हापासून तो हाकललं जायची वाट बघत होता. भांडून झालं, सूपमध्ये मीठ जास्त घालून झालं. सासरे रुसायचे, ओरडायचे, पण हाकलायचं नाव नाही. आता सरकारच मदतीला धावून आलं होतं. एवढी वर्षं जावयाने आपल्याला बनवलं हे कळल्यावर कुठला सासरा गप्प बसेल? कॅन्टीनवाल्यांना त्याने कालच होकार कळवून टाकला होता.

"कोंबडी," बाईंनी वाचलं. "फक्त कोंबडी. संरक्षित प्राण्याचा अंशही नाही." त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. त्यांनाही ते पटत नसावं. मग "त्रास झाला, माफ करा" म्हणून त्या निघून गेल्या.

मनगटावरची पकड सुटली. सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि मग त्या भांड्यात काय शिजत होतं, ते त्यांच्या ध्यानात आलं.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून, मामा."

"माझी वाटीसुद्धा?"

"तीसुद्धा."

सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. बायकोने डोळे मिटून घेतले. जावई मान खाली घालून उभा राहिला. मनातून त्याला नाचावंसं वाटत होतं. म्हणा, मामा. एकदाचं म्हणून टाका, चालते व्हा.

सासरे हसायला लागले. हसता हसता स्टुलावर बसले, मांडीवर थापा मारल्या, डोळे पुसले.

"म्हणजे मी उगाच मरत होतो की हो! आता वनखातं येऊ दे नाहीतर पोलीस येऊ दे, निघणार काय? कोंबडी! आणि गिऱ्हाईक तर बोटं चाटतंय!"

ते उठले आणि त्यांनी जावयाला कडकडून मिठी मारली. इतकी, की त्याला हात हलवता येईना. त्यांच्या खांद्यावरून त्याला बायको दिसली. बाबांनी नवऱ्याला जवळ घेतलेलं ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून आनंदाने घळाघळा पाणी वाहत होतं.

"मामा, मी तुम्हाला फसवलं," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "हाकला मला."

"असा जावई हाकलायला मी काय वेडा आहे?" सासरे त्याची पाठ थोपटत म्हणाले. "आजपासून हे हॉटेल तुमच्या नावावर. आता मी मेलो तरी तुमची सुटका नाही."