वाटेवरचे पूल

तैपेईतील त्या कंपनीने आपले प्रवास-नियोजनाचे ॲप नव्याने घडवण्याचा संकल्प केला होता, आणि त्यासाठी ते वापरणाऱ्यांनाच आदरपूर्वक पाचारण करून त्यांच्या अपेक्षा विचारल्या जात होत्या. कुणी स्वस्त निवास मागितला, कुणी चविष्ट नूडल्सची दुकाने. कीलुंगच्या वृद्ध श्यू-चिनबाईंचे मागणे मात्र निराळे होते. ह्वालिएनहून घरी येणाऱ्या बसच्या मार्गावरील प्रत्येक पूल, अगदी लहानातला लहानसुद्धा, येण्यापूर्वीच ॲपने सांगावा, असे त्यांनी विनविले.

"मावशी, पुलाची भीती वाटते होय?" आराखडा करणारी पेइ-युन हसली. "मग खुशाल डोळे मिटून बसा की! बस काय तुम्ही चालवताय?"

"डोळे मिटून भागलं असतं, तर तुझ्या दारात कशाला आले असते गं?"

"अहो, आज पूल सांगितले, तर उद्या लोक खड्डेसुद्धा मागतील!"

श्यू-चिनबाई हसल्या नाहीत.



"माझा लेक तिकडच्या घाटात अपघातात गेला, पोरी, त्याच्या आत्म्याला घरी आणताना मी प्रत्येक पुलाशी हाक मारली, 'बाळा, पूल आलाय, आईच्या मागून ये', पण एक पूल तुमच्या नकाशात नव्हता, आणि घरी कौल लावला तेव्हा कळलं, तो अजून त्या पुलापलीकडेच उभा आहे."