डोक्यावर बूट

हेडमास्तरांच्या डोक्यावरचा बूट धपकन खाली पडला आणि रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मागे," डोअरकीपर म्हणाला. बंद पडलेल्या थिएटरचा हा जुना डोअरकीपर आता बंदूकवाल्यांच्या परवाना कचेरीचा कारकून झाला होता. कचेरीही तिथेच, मॅनेजरच्या खोलीत. "बूट पडला की रांगेच्या शेवटी. नियम आहे, सर."

साहेबांच्या बंद दारापुढे उभं राहायचं ते आपलीच एक वहाण डोक्यावर घेऊन. गाव ताब्यात आल्यावर बंदूकवाल्यांनी केलेल्या नियमांतला हा त्यातल्या त्यात सौम्य. शिट्टी वाजवायला बंदी होती. रस्त्याच्या उजवीकडून चालायला बंदी होती. पूल ओलांडायला माणशी परवाना लागे. बिनपरवान्याच्या पहिल्या माणसाला पुलावरच गोळी घातली. दुसरा कुणी गेलाच नाही.

हुशार लोक हलक्या सपाता घालून येत. हेडमास्तर सवयीने लेसचे बूट घालून आले होते, तेही पॉलिश करून. उन्हात पॉलिश वितळून टकलावरून कपाळावर उतरत होतं. रांगेत निम्मे पालकच. त्यांच्या पोरांना मान ताठ ठेवायला हेडमास्तरांनीच शिकवलं होतं.

फाटकाशी हातगाडीवर त्यांची बायको पोट धरून पडली होती. अपेंडिक्स. सर्जन पुलापलीकडे. आज नेलं तर वाचेल, फुटलं तर काही खरं नाही, असं कंपाउंडर सांगून गेला होता.

"अहो, झालं का?" ती तिथूनच ओरडली.

"होतंय, होतंय. तू बोलू नकोस."

"मग काय करू? नाचू?"

हातगाडी ढकलत आणणारा तिचा धाकटा भाऊ धंद्याने शिंपी. गाडी ढकलायची तर परवाना त्यालाही हवा, म्हणून तोही हेडमास्तरांच्या पाठोपाठ रांगेच्या शेवटी आला. चप्पल त्यानं टोपीसारखी तिरकी ठेवली होती.

"भावोजी, दोन टाके घालून देऊ का? बूट डोक्यालाच शिवून टाकतो."

"गप्प बस."

"नाहीतर चला असेच. पुलावर कोण आहे ते तरी बघू."

"वेड लागलंय? तुझी बहीण आहे गाडीवर!"

"म्हणून तर म्हणतोय."

डोअरकीपर चहाचा भरलेला कप घेऊन आत गेला आणि रिकामा कप घेऊन बाहेर आला. "साहेब म्हणतात, रांग वाकडी आहे."

रांग सरळ झाली.

आतून आलेला मेडिकलवाला कुणाशी न बोलता, मान खाली घालून निघून गेला. साहेब फार झापतात म्हणे.

दुपारी बायकोचं बोलणं थांबलं. आता नुसतं कण्हणं येत होतं.

"अरे, साहेबांना सांग ना, पेशंट आहे," हेडमास्तर काकुळतीला आले.

डोअरकीपर आत जाऊन आला. "सांगितलं. म्हणाले, बूट सरळ करा."

हेडमास्तरांनी बूट सरळ केला.

शेवटी नंबर लागला. ते आत गेले. दार मागे बंद झालं.

टेबलावर शिक्का आणि परवान्यांचा गठ्ठा. खुर्ची रिकामी. खुर्चीपासून टेबलापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

डोअरकीपर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चहा प्यायला लागला.

"साहेब?"

"गेले. सगळेच गेले, पुलावरचेसुद्धा. महिना होत आला."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सगळ्यांना सांगतो की, सर. आत येईल त्या प्रत्येकाला." त्यानं फुर्रकन घोट घेतला. "बाहेर जाऊन कुणीच सांगत नाही. मारा शिक्का."

हेडमास्तर शिक्का मारलेले दोन परवाने, आपला आणि बायकोचा, घेऊन बाहेर आले. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. फाटकाकडून येणारं कण्हणं आता बारीक झालं होतं.

"भेटले साहेब?" शिंप्यानं विचारलं. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "भावोजी, ताईचं काही खरं दिसत नाही. माझ्या परवान्याशिवाय नाहीच का जमणार?"

हेडमास्तरांनी कपाळ पुसलं. काळं पॉलिश तोंडभर पसरलं.

"चप्पल सरळ धर," ते म्हणाले. "साहेब बघतायत."